टाइलच्या आधी ऊन, पाणी आणि भाकरी

सोलापुरात कुणी घराचं काम काढलं की येणारा-जाणारा आधी एकच विचारतो, "सामान पुण्यावरनं आणलं का हैदराबादवरनं?" पुणं अडीचशे किलोमीटर, हैदराबाद तीनशे, आणि मध्ये आपल्या गावात चादर सोडून चांगलं काही मिळत असेल यावर सोलापूरकराचा स्वतःचाच भरवसा नाही. आमचं काम निघालं तेव्हा एका लग्नाच्या निमित्तानं मी पुण्याला गेले होते, म्हणून तिथल्या दोन मोठ्या शोरूमही हिंडून आले. एसी, कॉफी, गोड बोलणारी पोरगी. टाइलचं खोकं फिरवून बघितलं तर माल मोरबीचा. होटगी रोडच्या दुकानात बघितलेल्या खोक्यावरही मोरबीच. देशातल्या बहुतेक टाइल गुजरातच्या त्या एका गावाभोवतीच भाजल्या जातात. मग पुण्याहून टेम्पोभाडं भरून आणायचं कशासाठी, कॉफीसाठी?

घर विजापूर रोडच्या आत, एका जुन्या सोसायटीत. सासऱ्यांनी 1986 साली बांधलेलं, रेल्वेच्या पगारात, एकेक खोली वाढवत. हॉल, स्वयंपाकघर, दोन खोल्या, पुढं पडवी, वर गच्ची. मी शाळेत गणित शिकवते, हे बँकेत. सासूबाईंचं वय 78 आणि मतं पक्की. मुलगी बंगळुरूला असते आणि आईचं घर कसं दिसावं याबद्दल तिचीही मतं पक्की. ती रोज रात्री फोनवर फोटो पाठवायची. जमिनीपासून छतापर्यंत काच, पांढरे सोफे, काळे मॅट नळ, स्वयंपाकघराच्या मधोमध ओटा आणि त्याच्याभोवती उंच स्टुलं. फोटो देखणेच होते, खोटं कशाला बोलू. पण त्यातल्या एकाही घरात पश्चिमेचं ऊन शिरत नव्हतं, कुठं ज्वारीचं पोतं दिसत नव्हतं, आणि चार-पाच दिवसांनी येणारं पाणी साठवायची सोय तर कुणीच दाखवत नव्हतं.

फोटो बघणं मी सोडलं नाही. फक्त त्याच्या जोडीला घरं बघायला लागले. त्यातही नवीन घरं नाहीत. वास्तुशांतीच्या दिवशी प्रत्येक घर छानच दिसतं, त्यातून काही कळत नाही. पाच-सहा वर्षं वापरलेलं घर बघावं आणि हॉलमध्ये न बसता सरळ बाथरूम बघू का म्हणून विचारावं. स्टाफरूममध्ये माझी यावरून बरीच चेष्टा झाली. "मॅडम हळदीकुंकवाला आल्या तरी आधी संडास बघतात." बघते. कारण खरं काय ते तिथंच दिसतं. टाइलच्या सांध्यांतल्या पांढऱ्या ग्राऊटचा चहासारखा रंग झालेला असतो. काळ्या नळावर क्षाराचे पांढरे ओघळ असतात. दाराची चौकट खालून फुगून सोललेली असते. सिंकखालच्या कपाटाचा तळ बोटानं दाबला की आत जातो. दुकानात यातलं काहीही दिसत नाही, आणि घरच्या बाईला विचारलं की ती कुठलीही जाहिरात सांगणार नाही ते सांगते: हे परत करायचं झालं तर काय वेगळं करशील? उत्तरं जवळपास सारखीच येतात. नहाणीकडं उतार जास्त द्या, प्लग वाढवा, कपाटाच्या वरचा माळा सोडू नका.

दुसरी शाळा म्हणजे बाळीवेशीजवळचा माझ्या मावशीचा वाडा. आता अर्धा पडलाय, पण मागच्या दोन खोल्यांना अजून माळवद आहे. लाकडी तुळया, त्यावर कडीपाट, आणि वर पांढऱ्या मातीचा हात-दीड हात जाड थर. एप्रिलमध्ये दुपारी दोन वाजता बाहेर 42 अंश असताना त्या खोलीत जाऊन उभं राहावं. मी मुलीला मुद्दाम नेलं. ती म्हणाली, "एसी आहे का इथं?" भिंतीत कोनाडे, दाराशेजारी खुंट्या, उंबऱ्याला लागून बसायची कट्टी. फर्निचर म्हणून वेगळं काही आणलेलंच नाही, सगळं भिंतीच्या पोटातून काढलेलं. आमच्या हॉलमध्ये पाडकामात एक जुनी खिडकी बंद करायची होती, ती मी सपाट न लिंपता कोनाडा म्हणून ठेवली. मिस्त्रीला ते अर्धवट काम वाटलं. आता तिथं फोन, चष्मा, किल्ल्या आणि सासूबाईंची जपमाळ असते, आणि 'किल्ली कुठं ठेवलीस' हे वाक्य घरात जरा कमी ऐकू येतं.

आणि एक जागा, जिथं सोलापूरकर फक्त कामापुरता जातो: इंद्रभुवन. अप्पासाहेब वारदांनी बांधलेली ती इमारत महापालिकेची म्हणून आपण ओळखतो. घरपट्टीच्या कामाला गेले होते तेव्हा निवांत वर मान करून बघितली. नक्षी सगळ्यांनाच दिसते. मला दिसली ती सावली. सज्जे आणि कमानी पुढं काढलेल्या आहेत, त्यामुळं खरी भिंत उन्हापासून मागं राहते. आपण हल्ली उलटं करतो. भिंत उन्हात, तिला बाहेरून गडद करडा रंग, आणि आत दोन टनाचा एसी.

उन्हाचं गणित मी शाळेतल्या फळ्यावरही मांडलंय, कारण ते नववीच्या पोरांना जमण्यासारखं आहे. सोलापूर साधारण 17.7 उत्तर अक्षांशावर. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य आपल्या बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. म्हणजे दक्षिणेच्या खिडकीला दोन फुटी छज्जा असला की उन्हाळ्यात दुपारची चिंता नाही. भांडण आहे पश्चिमेशी. मे महिन्यात संध्याकाळी पाच वाजता सूर्य क्षितिजापासून साधारण 24 अंशांवर असतो. दोन फुटी छज्ज्याची सावली तेव्हा खिडकीवर किती उतरते? दोन गुणिले टॅन 24, म्हणजे फूटभरसुद्धा नाही. चार फुटी खिडकीचा तीन फूट भाग उघडाच. छज्जा वाढवून उपयोग नाही, आडोसा उभा पाहिजे. आणि तो काचेच्या बाहेर पाहिजे. ऊन एकदा काच ओलांडून आत आलं की पडदा ओढून काही होत नाही, पडदाच तापतो.

म्हणून आमच्या पश्चिमेच्या खोलीच्या खिडकीबाहेर, दीड फूट सोडून, सिमेंटच्या जाळीची भिंत उभी केली. 1980 च्या सुमाराच्या घरांच्या जिन्यांना असायची तीच, चौकोनात फुलाची पाकळी. मुलीनं पाठवलेल्या एका फोटोत ती जाळी परदेशातल्या कुठल्या तरी कॅफेला लावलेली होती, त्यामुळं घरात माझी बाजू आपोआप भक्कम झाली. जाळ्या मिळाल्या तुळशी वृंदावनं आणि कुंड्या करणाऱ्याकडं, गावाबाहेर रस्त्याकडेला. असल्या मालाला ना खोकं ना शिक्का, तिथं स्वतःच तपासावं लागतं. दोन जाळ्या एकमेकीवर हलकेच वाजवायच्या. खणखणीत आवाज आला तर ठीक, भद्द आला तर ठेवून द्यायच्या. कडेला नख मारून बघायचं, भुगा निघाला तर सिमेंट कमी. आणि विचारायचं, किती दिवस पाणी मारलं? तो म्हणाला, "अक्का, हौदातच हायत की, बघा." खरंच मागं हौदात बुडवून ठेवलेल्या होत्या. तिथंच घेतल्या.

गच्चीवर चायना मोझॅक केला. टाइलच्या दुकानात फुटलेल्या पांढऱ्या टाइलची खोकी कोपऱ्यात पडलेली असतात, विचारलं की अगदी कमी पैशात देतात. आधी विटांच्या तुकड्यांचा कोबा, त्यात नीट उतार, वर पांढरे तुकडे. पांढरा उष्णता परावर्तित करणारा रंगही मिळतो, तो स्वस्तात आणि एका दिवसात होतो, पण आमच्या गच्चीवर कुरडया, पापड, तुरीची डाळ, पाहुणे आणि उन्हाळ्यात रात्रीची गाद्यांची रांग असते. इतक्या वर्दळीला टाइलच बरी. पूर्वी दुपारी तीनला गच्चीवर चप्पल विसरून गेलेला माणूस नाचत परत यायचा. आता चालत येतो.

आता मोझॅकची गोष्ट, कारण घरात सगळ्यात जास्त वाद त्यावर झाला. हॉल आणि दोन खोल्यांना सासऱ्यांनी टाकलेली मोझॅक फरशी. करड्या जमिनीत काळ्या, पांढऱ्या आणि मधूनच विटकरी चिप्स. घरात येणारा प्रत्येक मिस्त्री पहिल्या मिनिटात म्हणायचा, "मॅडम, हे काढून टाका की. दोन बाय चारची टाइल मारू, आरशासारखी." आरसा पायाखाली कशाला लागतो हे मला कधी कळलेलं नाही. सासूबाईंना घोट्याचा त्रास आहे, गुळगुळीत टाइलवर पाण्याचा एक थेंब पडला की संपलं. शिवाय फोडकाम केलं की राडारोड्याची ट्रॉली, खालचा भराव बसणार, सगळ्या दारांच्या उंच्या बदलणार, मग दारं खालून कापा. मी म्हटलं, पॉलिश करून बघू. नाही आवडली तर फोडायला कुठं मुहूर्त लागतो?

दरवाजाजवळच्या सात-आठ फरश्या फुटक्या होत्या आणि तसला माल आता बाजारात मिळत नाही. मागच्या खोलीची फरशी काढायचीच होती, कारण तिथून पाइपलाइन जाणार होती. तिथल्या चांगल्या फरश्या गवंड्यानं छिन्नीनं अलगद सोडवल्या आणि पुढं आणून बसवल्या. मग पॉलिशवाली जोडी आली, बाप आणि मुलगा. मशीन म्हणजे खाली घासायचे दगड लावलेलं फिरतं जड चाक. आधी खरबरीत दगड, मग बारीक, मग आणखी बारीक, दर वेळी पाणी सोडत. घरभर राखाडी चिखल, भिंतींना तीन फुटांपर्यंत प्लास्टिक लावूनही वर उडालेलाच. मधे एकदा सगळं धुऊन, फरशीतली बारीक भोकं पांढऱ्या सिमेंटमध्ये तोच रंग कालवून भरली, दोन दिवस वाळू दिली आणि पुन्हा घासली. शेवटी ऑक्झॅलिक ॲसिडची पूड टाकून तागाच्या पोत्यानं चोळलं. मुलगा पाणी ओढत होता आणि त्याच्या मागोमाग करड्याच्या खालून विटकरी चिप्स वर येत होत्या. मला त्या घरात येऊन 26 वर्षं झाली, फरशीत इतका तांबूस रंग आहे हे मी बघितलेलं नव्हतं. सासूबाई दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. म्हणाल्या, "हा लाल खडा ह्यांनी निवडला होता. मी हिरवा म्हणत होते." चाळीस वर्षांनंतरही हिरव्याचा मुद्दा सोडलेला नाही. खर्च नव्या टाइलच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत झाला, मजुरीसकट.

पडवीला मात्र नवा दगड पाहिजे होता. आपल्याकडं दगडाच्या बाबतीत आपण फार श्रीमंत आहोत, हे पुण्याच्या लोकांना सांगावंसं वाटतं. शहाबाद रेल्वेनं कलबुर्गीच्या पुढं, तांडूर तेलंगणात, दोन्ही काही तासांवर. मी पिवळा तांडूर घेतला, वरून घासलेला पण चकाकी न आणलेला, म्हणजे ओल्या पायाला पकड राहते. दगडाच्या अड्ड्यावर गेलं की बादलीभर पाणी मागून घ्यायचं आणि लादीवर ओतायचं. पाणी वाळत जातं तसं बाकीचा दगड फिकट होतो आणि जिथं केसासारखी भेग आहे तिथं काळी रेघ मागं राहते. तसली लादी घ्यायची नाही, बसवताना नाही फुटली तर पुढच्या उन्हाळ्यात फुटते. कडेनं पापुद्रे सुटलेत का हेही बघायचं. आणि जाडी. एकाच गाडीतल्या लाद्या पाऊण इंचापासून सव्वा इंचापर्यंत असतात. निवडून सारख्या काढून घेतल्या नाहीत तर गवंडी शिव्या देतो, आणि त्याचं बरोबर असतं.

बाथरूमच्या टाइललाही असंच हाताळून बघावं. टाइल उलटी करून पाठीवर चार थेंब पाणी टाका. भिंतीची सिरॅमिक टाइल ते पिऊन टाकते, ती शोषणारीच असते, दहा टक्क्यांच्या वर. जमिनीची व्हिट्रिफाइड, म्हणजे भाजून काचेसारखी घट्ट केलेली, मात्र पीत नाही, तिचं शोषण अर्ध्या टक्क्याच्या आत असायला पाहिजे. व्हिट्रिफाइड म्हणून दाखवलेल्या टाइलवरचा थेंब मिनिटभरात नाहीसा झाला तर तुम्हाला काय विकलं जातंय ते कळलं. मग दोन टाइल तोंडाला तोंड लावून धरायच्या आणि कडेनं उजेड बघायचा. मधे फट दिसली तर टाइल वाकडी आहे, ती कितीही भारी असो, सांधे वर-खाली होणार. दुकानातल्या दिव्यांवर विश्वास ठेवू नये. नमुन्याची एक टाइल घरी आणून सकाळी आणि रात्री बघावी. सगळ्या खोक्यांवरचा बॅच नंबर आणि शेड एकच आहे ना हे टेम्पो उतरवायच्या आधी बघायचं, नंतर नाही. आणि लागेल त्यापेक्षा पाच ते दहा टक्के जास्त घ्यायची. उरलेलं खोकं माळ्यावर, लेबल वरच्या बाजूला.

टाइल लावण्याआधी नहाणी ट्रॅपचं तोंड बंद करून बाथरूममध्ये दोन दिवस पाणी कोंडून ठेवायचं, हे मिस्त्रीला सांगितलं तर तो हसला. "आता उन्हाळ्यात एवढं पाणी कोंडायचं, मॅडम? शेजारी भांडतील की." पाण्याच्या पाळीचा दिवस बघून कोंडलं. खालच्या भिंतीला एक ओल दिसली, कोपऱ्यात. वॉटरप्रूफिंग त्या कोपऱ्यात पुन्हा केलं आणि मगच टाइल लागली. ते पाणी नंतर बांधकामाला वापरलं, वाया नाही गेलं.

पाण्याचं म्हणाल तर उजनी धरणाचं पाणी पाळीनं येतं आणि मधल्या दिवसांत बोअर. बोअरचं पाणी जड, भांड्याला पांढरा थर देणारं. असल्या पाण्यात काळे मॅट नळ आणि काचेचं शॉवर पार्टिशन म्हणजे रोज पुसायला एक माणूस ठेवा. आम्ही साधे क्रोमचे घेतले, पितळेचे. ओळखायचं कसं? हातात घेऊन. दोन नळ दिसायला सारखे असले तरी पितळी नळ हाताला जड लागतो, किमतीचा फरकही तिथंच असतो. तोंडाची जाळी हातानं उघडता येते का ते बघायचं, कारण पाळीचं पाणी सुरू होताना पहिल्या काही मिनिटांत पाइपातला गाळ घेऊन येतं आणि ती जाळी तुंबते. ज्या नळाची जाळी उघडायला खास चावी लागते तो सोलापुरात घेऊ नये. आणि सुटा भाग इथं मिळतो का, हे विचारायचं. दुकानदार 'दहा वर्षांची गॅरंटी' म्हणतो तेव्हा त्याला म्हणायचं, आतली कार्ट्रिज, म्हणजे पाणी चालू-बंद करणारा सुटा भाग, दाखवा. दाखवली तर घ्या.

स्वयंपाकघरात मी कुणाचंच ऐकलं नाही, म्हणजे सासूबाईंचं ऐकलं. डिझाइन करून देणाऱ्या मुलानं संगणकावर सुरेख चित्र काढून आणलं. सासूबाईंनी चष्मा लावून ते बघितलं आणि विचारलं, "परात कुठं ठिवायची?" त्याला प्रश्न समजला नाही. भाकरी थापायला परात लागते, परातीच्या उजव्या हाताला पिठाचा डबा, डाव्या हाताला पाणी, आणि तवा हात लांबवला की पोचेल असा. चोवीस इंच खोल ओट्यावर शेगडी आणि परात शेजारी-शेजारी मावत नाहीत. आणि ओट्याची उंची. सगळीकडं ठोकून 34 इंच सांगतात. मी पाच फूट तीन इंच, मला ते चालतं. सासूबाई चार फूट दहा. त्यांना 34 इंचावर भाकरी थापायची म्हणजे खांदे वर उचलून थापायला लागतात. कोपरापासून चार-पाच इंच खाली ओटा, हा हिशोब धरला आणि ओट्याचा एक अडीच फुटाचा तुकडा 30 इंचांवर उतरवला, 27 इंच खोल. डिझाइनवाला म्हणाला, लाइन तुटते. तुटू दे. आता त्या खालच्या तुकड्यावर मी कणीक मळते आणि पुरण वाटते, जोर लावायला तीच उंची बरी.

काचेची शेगडी नको म्हटलं, तव्यावरची भाकरी जाळावर उभी करून फुगवणाऱ्या घरात पीठ उडतं आणि काच रोज घासावी लागते. ओट्याला काळा ग्रॅनाईट. घेताना थिनरमध्ये बुडवलेलं फडकं घासून बघा, फडकं काळं झालं तर दगड रंगवलेला आहे. जुन्या ओट्याचा कडप्पा टाकला नाही, त्याचे कप्पे केले खाली, वर्षाच्या धान्याच्या कोठ्यांसाठी. मंगळवेढ्याची ज्वारी पोत्यानं भरणाऱ्या माणसाला मऊ सरकणारे ड्रॉवर काय कामाचे? वजनानं रूळच वाकतील. ड्रॉवर चमच्यांना आणि मसाल्यांना केले, तेवढे पुरे.

प्लायवूडच्या बाबतीत जरा तिखट लिहिते. एका दुकानात सिंकखालच्या कपाटासाठी 'मरीन' म्हणून प्लाय दाखवला, त्यावर आयएस 710 या मानकाचा शिक्का, आयएसआयचं चिन्ह, खाली सीएम/एल नंबर, म्हणजे कारखान्याच्या परवान्याचा नंबर. मी तिथंच फोनवर भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये नंबर टाकला. नाव दुसऱ्याच कुठल्या तरी कारखान्याचं आलं आणि मालही दुसराच. दुकानदार म्हणाला, "मॅडम, तुम्ही शिक्षक लोक लई डोकं लावता." लावतो. आयएस 710 च्या प्लायला 72 तास उकळून चाचणी असते, पाण्याच्या जागी तोच पाहिजे. आयएस 303 मधला बीडब्ल्यूआर 8 तासांच्या उकळीचा, तो स्वयंपाकघरातल्या बाकीच्या कपाटांना चालतो. एमआर म्हणजे फक्त दमटपणा सोसणारा, तो बेडरूममध्ये. दुसऱ्या दुकानातून घेतला तेव्हा सुतारानं एक तुकडा कापून दिला आणि म्हणाला, घरी उकळून बघा. दुपारभर जुन्या पातेल्यात उकळला. सासूबाईंनी झाकण उघडून विचारलं, "आज आमटी लाकडाची का?" थर सुटले नाहीत. कपाटाची ऑर्डर दिली.

वायरिंगचं थोडक्यात. दिव्यांना दीड, प्लगला अडीच, एसी-गीझरला चार स्क्वेअर एमएम, आणि वायरमन 'सगळीकडं एकच टाकतो' म्हणाला तर वायरमन बदला. पंख्यांवर 2023 पासून स्टारचं लेबल सक्तीचं आहे. बीएलडीसी, म्हणजे नव्या कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा तीसेक वॅटवर चालतो, जुना सत्तर-पंचाहत्तर खातो; आपल्याकडं पंखे फेब्रुवारी ते ऑक्टोबर फिरतात, हिशोब तुम्हीच करा.

शेवटी पडद्यांकडं येते. पश्चिमेच्या जाळीतून गाळून येणारं ऊनही संध्याकाळी बरंच असतं, जाड पडदा लागणारच होता. ब्लॅकआऊट म्हणून मिळतं ते बहुतेक पॉलिस्टर, वर रबरासारखा थर, आणि दोन उन्हाळ्यांत तो थर पापडासारखा सुटतो, हे मी तीन घरांत बघितलं होतं. चाटी गल्लीत पडद्याचं कापड शोधत फिरताना एका दुकानदाराच्या मागच्या भिंतीवर जकार्डची चादर लटकत होती आणि माझं काम झालं. सोलापुरी चादर म्हणजे जाड सुती विणकाम, सूत आधी रंगवून मग विणलेलं, त्यामुळं नक्षी दोन्ही बाजूंना येते, फक्त रंग उलटे होतात. बाहेरून तांबडी जमीन आणि पांढरी वेल, आतून पांढरी जमीन आणि तांबडी वेल. पडद्याला दोन्ही बाजू दिसतात, त्याला याहून चांगलं काय पाहिजे? साठ बाय नव्वद इंचाची चादर, खिडकीला एक, दाराला दोन. जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेली, जगभर नाव असलेली वस्तू आपण पाहुण्यांना द्यायला घेतो आणि स्वतःच्या खिडकीला सुरतेचं पॉलिस्टर लावतो.

दोन गोष्टी मात्र बघाव्या लागतात. पडद्याची दांडी वजन पेलणारी पाहिजे, पोकळ ॲल्युमिनियमची वाकते. आम्ही एक इंची स्टीलचा पाइप लावला, ब्रॅकेट भिंतीत खोल ठोकून. आणि चादर शिवायला देण्याआधी धुऊन घ्या, कारण सुती कापड थोडं आटतं आणि गडद रंग पहिल्या धुण्यात सुटतो. मिठाच्या पाण्यात रात्रभर भिजवायची, एकटीच, दुसरं काही सोबत नाही, आणि सावलीत वाळवायची. शिंप्याला आधीच सांगा की कापड जाड आहे, नाहीतर मशीनची सुई मोडली म्हणून वेगळे पैसे मागतो. आमच्याकडं मागितलेच.